काकाजींची बुढी

काकाजी रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढायच्या आधी दारावर थाप मारत आणि मोठ्यानं विचारत, "काय बुढे, झाली का झोप?"

माझा नोकरीचा पहिला दिवस होता. तिगावहून पॅसेंजरनं आले होते, हातात डबा, अंगावर होती नव्हती ती इस्त्रीची साडी. ते ऐकलं आणि मी चटकन मागे सरकले. मला वाटलं, यानं कोणत्या म्हातारीला आत कोंडून ठेवलं बाप्पा! दार उघडलं तर आत कोणी नाही. कोऱ्या कापडाचा, साबणाचा आणि जुन्या लाकडाचा वास तेवढा बाहेर आला. काकाजी एकेका खांबावर हात ठेवत फिरले, जिन्याचा कठडा थोपटला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उभी काहून आहेस? ये ना आत. बुढी चावत नाही."

बुढी म्हणजे ती इमारत. पांढुर्ण्यात तिला सगळे 'मोठं दुकान' म्हणत. काकाजींच्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, ती बांधली. उंच जोतं, पुढे दगडी ओटा, आत शिरलं की मधोमध वरात चढून जाईल एवढा रुंद सागवानी जिना, वर चारही बाजूंनी फिरता सज्जा, आणि त्याच्याही वर छपरात रंगीत काचा. दुपारी त्या काचांमधून साड्यांवर लाल-निळं ऊन पडायचं. त्यामुळे इथं जांभळी म्हणून पसंत केलेली साडी रामाकोन्याला जाऊन गुलाबी निघायची. बाया भांडायला परत आल्या की काकाजी साडी पुन्हा त्या उन्हात धरत. "आहे ना जांभळी? बुढी खोटं बोलत नाही. तुमच्या घरचा उजेड तपासा."

ही बुढी पाडायची की ठेवायची, यावरून एका वर्षी जे रामायण झालं ते मला सांगायचं आहे. पण काकाजी काय चीज होते हे कळल्याशिवाय ते कोणाला खरं वाटायचं नाही, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल.

तरुणपणी काकाजी एकदा मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी एक डिपार्टमेंटल स्टोअर पाहिलं आणि ते त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. डिपार्टमेंट म्हणजे खातं, असा त्यांनी अर्थ लावला. परत येऊन त्यांनी दुकानाची खाती पाडली. साबण खातं, भांडी खातं, चप्पल खातं, टोपी-छत्री खातं. जो माणूस ज्या काउंटरला उभा, तो त्या खात्याचा मंत्री. मी बटण खात्याची मंत्री होते. बटणं, लेस, रिबिनी, सुया, दोरे हे माझं राज्य. एका मंत्र्यानं दुसऱ्या खात्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा कायदा. साबण खात्याचा मंत्री जेवायला बसला की साबण बंद.

"बाई, साबण तुमच्या कोपराजवळ तं आहे," गिऱ्हाईक काकुळतीला यायचं.

"आहे, पण खातं माझं नाही," मी म्हणायची. पहिल्या महिन्यात मला हे म्हणताना हसू यायचं. नंतर राग यायला लागला, की लोकांना एवढी साधी गोष्ट समजत कशी नाही! माणूस वेड्याजवळ राहिला की असंच होतं.

मला नोकरी मिळाली तीही त्यांच्या पद्धतीनं. मी मॅट्रिकचं सर्टिफिकेट पुढे केलं, त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. एक मोठं लाल बटण माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोणत्या कपड्यावर शोभन?"

"आधी कपडा तं दाखवा," मी म्हटलं.

झालं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "याच्या आधी जे आले ते सारे बटण पाहूनच सांगत होते. उद्यापासून येजो."

ते गिऱ्हाइकाला माल विकत कमी आणि नाकारत जास्त. "गिऱ्हाईक राजा असते," ते म्हणत, "पण राजाले अक्कल असतेच असं कोठी लिहिलं आहे?" एकदा सावसरचे एक मास्तर भर मे महिन्यात टेरिलिनचा कपडा घ्यायला आले. काकाजींनी ठाण परत फळीवर ठेवलं. "मास्तर, पोरं शाळेत शिकाले येते का तुम्ही कसे उकडता ते पाहाले येते? सुती न्या." मास्तर चिडून गेले आणि त्यांनी दुसरीकडून टेरिलिन घेतलं. आठ दिवसांनी अंगभर घामोळं घेऊन पुन्हा हजर. काकाजींनी त्यांना पाणी दिलं, सुती कापड दिलं आणि टाल्कम पावडरसाठी साबण खात्याकडे पाठवलं. तेव्हापासून मास्तर त्यांचे भक्त. सावसर-पांढुर्णा बसमध्ये बसले की शेजारच्याला मोठ्या दुकानाचं पुराण सांगत.

पण बुढीचं खरं काम होतं बस्त्याचं. आमच्याकडे लग्न जुळलं की दोन्हीकडची मंडळी मिळून लग्नाचे कपडे घ्यायला दुकानात येतात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीचा शालू, नवरदेवाचा सूट, आत्या-माम्यांच्या मानाच्या साड्या, सगळं एका बैठकीत. वरच्या सज्जावर गाद्या घातलेल्या असत. एका बाजूला मुलीकडचे, दुसऱ्या बाजूला मुलाकडचे, मध्ये साड्यांचा ढीग. आणि बस्ता म्हटलं की भांडण आलंच. कोणाच्या मावशीला हलकी साडी दिली, कोणाच्या मामाला टोपीच नाही!

काकाजींचं म्हणणं होतं, की आपल्या जिन्यावरून आजवर एकही बस्ता भांडून उतरला नाही. तो उतरत नव्हता, कारण काकाजी उतरूच देत नसत. लोधीखेड्याच्या एका पार्टीत नवरदेवाच्या आत्यानं साडी फेकली, मुलीचा बाप उठला, "चला, आमची पोरगी आमच्या घरी," म्हणून तरातरा निघाला. पाहतो तर जिन्याच्या मधल्या पायरीवर काकाजी आडवे झोपलेले, डोक्याखाली धोतराचं ठाण!

"बाजूला व्हा शेठ."

"मी म्हातारा माणूस, मले चक्कर येऊन राहिली," काकाजी डोळे मिटून म्हणाले. "ओलांडून जायचं असन तं जा. पण माझ्या अंगावरून गेलेल्या बस्त्याचं लग्न टिकत नाही, असं आमचे बाबूजी सांगत."

बाबूजींनी असलं काहीएक सांगितलं नव्हतं. पण लग्नाच्या घरचा माणूस असा शकुन मोडून जाईल का? मुलीचा बाप पायरीवर बसला. काकाजींनी झोपल्या झोपल्या त्याला मुलीचं लहानपण विचारलं. तो सांगता सांगता रडायला लागला. वरून आत्या खाली आली, तीही रडायला लागली, आणि मग तीच फेकलेली साडी तिला एकदम पसंत पडली. काकाजी उठून धोतर झटकत म्हणाले, "पाहा, उतरली चक्कर."

तर अशी ही बुढी आणि असा तिचा मालक. अडचण एवढीच, की मालक ते अर्धेच होते. अर्धा हिस्सा वारलेल्या मोठ्या भावाचा, आणि तो आता नागपूरच्या पुतण्याकडे आला होता. पुतण्या वाईट नव्हता, उगीच कशाला बोल लावू. तो काकांच्या पाया पडायचा, आम्हाला संत्र्याची बर्फी आणायचा. पण हिशेबी माणूस. एका पावसाळ्यात तो आला तेव्हा वर छपरातून धार लागलेली, काकाजी एका हातानं बादली सरकवून राहिले आणि दुसऱ्या हातानं शालू दाखवून राहिले. त्यानं ते पाहिलं आणि जेवताना विषय काढला. इमारत पाडू, कॉम्प्लेक्स बांधू, खाली शटरच शटर, वर लॉजिंग-बोर्डिंग.

"बुढी जुनी आहे, किमती आहे," काकाजी म्हणाले.

"काका, जुनी तं आहेच. किमती आहे असं कोण म्हणते? तुम्हीच ना?" पुतण्या हसला. "सरकारनं लिहून दिलं, की ही ठेवण्यासारखी इमारत आहे, तं मी हात नाही लावणार. शब्द देतो. नाही तं दिवाळी झाली की काम सुरू करू."

तो गेल्यावर काकाजी माझ्या काउंटरवर येऊन बसले. बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बटणांच्या डबीत बोटं फिरवत म्हणाले, "मंत्रीबाई, बुढी गेली तं मी सकाळी उठून कोणाशी बोलू?" मी त्यांच्या हातातून डबी काढून घेतली, कारण ते सगळी बटणं मिसळून राहिले होते.

मदतीला धावले ते घामोळंवाले मास्तर. त्यांनी बातमी आणली, की राजधानीहून, भोपाळहून, एक सरकारी साहेब आले आहेत, जुन्या इमारतींची नोंद करत फिरतात, सावसरच्या रेस्ट हाउसला उतरले आहेत. काकाजींनी त्यांना निरोप धाडला. साहेबांनी येत्या सोमवारी येतो म्हणून कळवलं.

आणि इथं आम्ही सगळ्यांनी मिळून जो शहाणपणा केला, त्याला तोड नाही.

"मुलगी पाहाले पाहुणे येते," काकाजी सगळ्या मंत्र्यांना गोळा करून म्हणाले, "तं ती झाडलोट करून राहिली असन तशीच तिले उठवून समोर बसवता का? तोंड धुतो, पावडर लावतो, वेणी घालतो. बुढी झाली म्हणून काय झालं?"

कोणाला यात काही वावगं वाटलं नाही. मला पण नाही. साऱ्या पांढुर्ण्यात एका माणसानं म्हटलं नाही, की अहो थांबा. दुकान बंद ठेवून रंगारी लावले. सागवानी जिन्याला चकचकीत हिरवा ऑइल पेंट. लोखंडी खांबांना चंदेरी. कठड्यावरच्या कोरीव वेलीला पिवळा, फुलांना तांबडा. काउंटरवर सनमायका ठोकला, आणि सनमायका कसला, तर लाकडाच्या डिझाइनचा! म्हणजे अस्सल सागवानावर सागवानाचं चित्र. छपरातल्या फुटक्या रंगीत काचा काढून पांढऱ्या बसवल्या, आणि मग बाकीच्याही कशाला वेगळ्या म्हणून त्याही बदलल्या. मी स्वतः तोंडाला पदर बांधून दाराच्या कड्यांना सोनेरी रंग दिला. मास्तरांनी दारावर झेंडूचं तोरण बांधलं.

रविवारी संध्याकाळी काकाजी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. "दिसते की नाही एकदम नवी कोरी?"

नवी कोरी! हे शब्द कानावर पडूनही आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

सोमवारी साहेब आले. साधा बुशशर्ट, खांद्याला झोळी. आम्ही हार घातला, पेढा दिला. ते आत येऊन उभे राहिले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "सेठजी, पुरानी बिल्डिंग कहाँ है?"

"यही तो है साहब!"

साहेबांनी कठड्यावर बोट टेकवलं. बोट हिरवं झालं.

"अभी गीला है," काकाजी कौतुकानं म्हणाले.

"इसके नीचे क्या है?"

"सागवान है साहब, असली सागवान!"

"तो ढँका क्यों?"

"आप देखने आ रहे थे ना!"

साहेब जिन्यावर बसणार होते, पण ओला म्हणून बसले नाहीत. हसावं की रडावं असं त्यांचं तोंड झालं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की जुनं जसं होतं तसं दिसलं तर ते काही लिहू शकतात; रंग खरवडता येईल, पण त्या काचा आता कुठून आणायच्या? आणि जे डोळ्याला दिसत नाही ते कागदावर कसं लिहायचं? काकाजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी नखानं कठड्याचा थोडा रंग खरवडून दाखवला. "पाहा ना साहेब, आतून जुनीच आहे." मी मान फिरवली.

साहेब निघाले. जाता जाता इमारतीला बाहेरून एक चक्कर मारावी म्हणून बाजूच्या बोळीत शिरले. काकाजी मागून धावले, "उधर कुछ नहीं है साहब, नाली है!" पण साहेब थांबले होते. जोतं उंच, त्यामुळे बोळीत उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वीतभर वर एक लहानशी खिडकी होती. जाड फळ्या मारून बंद केलेली. खालची दगडी पट्टी मधोमध चांगलीच झिजलेली. तिच्यावर रंगाचा एक थेंब नव्हता. काकाजींनी रंगाऱ्याला बोळीत पायच ठेवू दिला नव्हता.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस खाली नालीकडे पाहत उभा राहिला. शेवटी मीच बोलले.

"आमच्यासाठी होती, साहेब. हमारे लोगों के लिए. पुढच्या दारानं आम्हाला आत घेत नव्हते. इथं उभं राहून हात वर करायचे, पट्टीवर पैसे ठेवायचे, मग वरून कापड टाकत. आम्हाला शिवायचं नाही म्हणून."

मला हे बाबांनी सांगितलं होतं, नोकरी लागली त्या दिवशी. ते स्वतः या दुकानात कधी आले नाहीत. काकाजींनी मला घेताना जात विचारली नव्हती, आणि मी त्यांना ही खिडकी विचारली नव्हती. दोघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि आम्ही आपले इतकी वर्षं बटणांबद्दल बोलत होतो.

साहेबांनी हात उंच करून त्या दगडावर फिरवला. ते म्हणाले, जिने आणि काचा खूप ठिकाणी सापडतात. अशा खिडक्या लोकांनी गुपचूप पाडून टाकल्या. ही आहे तशी उरली आहे. हिची हकीकत लिहून दिली तर या इमारतीची शिफारस करता येईल.

म्हणजे बुढी वाचत होती! मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"नाही साहेब. हे दाखवून मले बुढी नाही वाचवायची. पडली तं पडू द्या. ही खिडकी मी आजच विटा लावून बुजवतो."

मला काय झालं कोण जाणे. मालकासमोर, साहेबासमोर, भर बोळीत मी ओरडले, "बुजवणारे तुम्ही कोण?"

काकाजी दचकले.

"दुकान तुमचं आहे काकाजी. पण खिडकी आमची आहे. तो दगड आमच्या लोकांच्या हातानं झिजला. तुम्हाला लाज वाटते, ती ठेवा तुमच्याजवळ. पण बुजवायची का ठेवायची हे तुम्ही एकट्यानं नाही ठरवायचं."

मला वाटलं, गेली नोकरी. पण काकाजी हळूच म्हणाले, "कोणाले विचारू?"

"माझ्या बाबांले विचारा."

साहेबांनी झोळी सावरली. ते अजून काही दिवस सावसरला होते. "पूछ लीजिए," म्हणाले, "फिर बताइए."

दुसऱ्या दिवशी काकाजी माझ्याबरोबर पॅसेंजरनं तिगावला आले. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते, नुकतेच रिटायर झालेले. अंगणात बाज विणून राहिले होते. काकाजींना पाहून उठले, बसायला खुर्ची दिली, माझ्या आईनं चहा ठेवला. काकाजींनी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, एक सांगतो. बाबूजी गेले न् दुकान माझ्या हाती आलं, तसं मी पहिलं काम केलं ते ती खिडकी बंद करायचं. माझ्या हातानं फळ्या ठोकल्या. तेवढं मात्र केलं मी."

बाबा हसायला लागले. वाईट हसू नव्हतं ते, खरंच गंमत वाटल्यासारखं.

"शेठ, तुम्ही बंद केली?"

"मंग?"

"अहो, आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. त्याच रात्री आमच्या लोकांनं बैठक बसवली न् ठरवलं, आता त्या खिडकीवर कोणी जायचं नाही. नागपूरहून कापड आणू, नाही तं फाटकं घालू. तुमचे बाबूजी रोज खिडकी उघडून बसले. एक माणूस नाही आला. मंग ते गेले, न् तुम्ही फळ्या ठोकल्या. बंद झालेल्या खिडकीले, शेठ!"

काकाजींच्या हातातला चहा तसाच राहिला. तीस वर्षं या माणसानं मनातल्या मनात एक पुण्य जपून ठेवलं होतं, ते माझ्या बापानं हसत हसत काढून घेतलं. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण काकाजींनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "हे मले कोणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कोणाले विचारलं?" बाबा म्हणाले.

"आता विचारून राहिलो. बुजवू का ठेवू?"

बाबांनी बाजेची दोरी ओढून गाठ मारली. "मी ती खिडकी बाहेरूनच पाहिली आहे. आतून कशी दिसते ते पाहीन, मंग सांगीन."

बाबा मोठ्या दुकानात आले ते बाजाराच्या दिवशी, धुतलेला सदरा घालून, पुढच्या दारानं. ओल्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. आम्ही खिडकीपुढे रचलेली खोकी हलवली, काकाजींनी स्वतः फळ्यांचे खिळे उपटले. खिडकीच्या आत एक लहानशी गादी असायची, त्या जागी बाबा खाली बसले आणि बाहेर पाहू लागले.

"इथून माणूस तं दिसतच नाही," ते म्हणाले.

"नव्हता दिसत," काकाजी म्हणाले. "पोट्टा होतो तवा मले इथं बसवत. फक्त हात दिसायचे. मी चेहऱ्यानं कोणाले ओळखत नव्हतो, हातानं ओळखत होतो."

बाबा म्हणाले, "शेठ, जा बरं बाहेर. पाहू द्या मले."

काकाजी पुढच्या दारानं उतरले, ओटा ओलांडला, वळसा घालून बोळीत गेले. आणि खिडकीच्या दगडी पट्टीवर खालून दोन हात आले. सुरकुतलेले, बोटात अंगठी, नखांत हिरवा रंग. चेहरा नाही. नुसते हात.

"काय पाहिजे?" बाबांनी मोठ्यानं विचारलं.

बाहेरून आवाज आला, "पंचा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कापड माझं खातं नव्हतं, पण मी धावत जाऊन पंचा आणला. बाबांनी तो हातात घेतला, नीट घडी घातली. वरून टाकला नाही. त्या दोन तळहातांवर ठेवला आणि त्यावर आपले दोन्ही हात दाबून धरले. किती वेळ, कोण जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं आणि साबण खात्याचा मंत्री माझ्यापेक्षा मोठ्यानं नाक ओढत होता.

"झालं," बाबा म्हणाले. "या आता आत."

काकाजी पंचा खांद्यावर टाकून आत आले. बाबा उठले नव्हते; त्यांनी सरकून गादीइतक्या जागेत शेजारी जागा करून दिली. दोघं म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसले. "साहेबाले सांगा, लिहा म्हणून," बाबा म्हणाले. "पण सारं लिहा म्हणा. अर्धं नाही."

साहेबांनी सारं लिहिलं. दिवाळीच्या आत सरकारचा कागद आला. पुतण्यानं तो आमच्यासमोर उभ्यानं वाचला, खिडकीच्या हकीकतीपर्यंत आला आणि खाली बसून पुन्हा वाचला. मग घडी घालून काकाजींच्या हातात दिला आणि छपराच्या दुरुस्तीचं विचारलं. जिन्याचा हिरवा रंग खरवडता खरवडता सगळ्या मंत्र्यांचं कंबरडं मोडलं. कोरीव वेलीतला पिवळा मात्र कधीच पुरता निघाला नाही.

त्यानंतर बस्त्याला कोणीही आलं, सावसरचं असो की रामाकोन्याचं, की काकाजी त्यांना एकदम वर चढू देत नसत. आधी दोन्हीकडच्यांना खिडकीशी नेत, नवरदेवाला आत गादीच्या जागी बसवत आणि त्याच्या बापाला बाहेर बोळीत पाठवत. लोक कुरकुरत. काही परतही गेले. काकाजींना त्याचं काही नव्हतं. "आधी हे पाहा, मंग साड्या पाहा," म्हणत.

मग कोणीतरी त्यांना खूश करायला म्हणायचंच, "वा शेठ, तुम्ही ही खिडकी बंद केली, मोठं काम केलं."

तेव्हा काकाजी बटण खात्याकडे बोट दाखवत आणि सारं दुकान ऐकेल अशा आवाजात म्हणत, "बंद हिच्या बापानं केली. मी फक्त फळ्या ठोकल्या."